चाळीस चांदण्या

या, अशा जवळ सरकून बसा. गोष्ट भीतीची आहे, पण तिच्यात भूतखेत नाही. आहेत त्या एक विद्वान बाई आणि त्यांचा कार्डांचा लाकडी खोका.

बाईंनी उभा जन्म एका भाषेपायी घालवला. नदीकाठच्या नावाड्यांची ती भाषा, बोलणारी एकच म्हातारी उरलेली. पोटच्या पोरांनाही तिने ती शिकवली नव्हती. तरुणपणी बाई सहा महिने टेप घेऊन तिच्या पायरीवर बसल्या, एकेक शब्द एकेका कार्डावर उतरवला. मग म्हातारी गेली, आणि कोशाला चाळीस शब्द कमी पडले. ते बाईंनी आडाख्याने बांधले. यात पाप नाही. त्या विद्येत अशा शब्दाच्या डोक्यावर चांदणी काढतात. हा कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून. बाईंनीही काढल्या, पेन्सिलीने. टंकलेखकाला वाटलं, कागदावर डाग पडलेत, आणि त्याने त्या गाळल्या. मुद्रितं हातात आली तेव्हा बाईंना चूक दिसली, आणि त्या गप्प बसल्या. कोश कसा भरगच्च दिसत होता हो.

त्याच कोशाने बाईंचं नाव झालं. चार आवृत्त्या निघाल्या, शिष्य मोठ्या खुर्च्यांवर बसले. एकाने तर त्या चाळीस शब्दांवरच प्रबंध लिहिला. बाईंनी त्याची पाठ थोपटली आणि घरी येऊन न जेवता पडून राहिल्या.

एक दिवस अकरा वाजता म्हातारीची नात येणार होती. दवाखान्यात नर्स होती ती. "कोश समोर ठेवून सगळ्या टेपा ऐकायच्यात," असं फोनवर म्हणाली होती.

टेपांत ते चाळीस शब्द तिला सापडणार नव्हते. चाळीस कार्डं काढून त्यांनी उशीच्या अभ्र्यात कोंबली.

"ताई, नात येतेय, पोलीस नाही," धाकटी बहीण म्हणाली. "किती वेळा चष्मा पुसशील? काच झिजेल."

"दार लावलंयस ना?"

"लावलंय. आणि ती आली की उघडणारही आहे."

नर्स आली ती तीन वर्षांच्या लेकीला घेऊन.

"बाई, तुमच्या कोशामुळे आजी आमच्या घरात आहे. हिचं नावही आम्ही त्यातूनच ठेवलं," म्हणाली, आणि लेकीला नावाने हाक मारली.

बाईंनी तो शब्द ओळखला. होडी पुढे गेल्यावर मागे निवत जाणारं पाणी, असा त्या नावाचा अर्थ. एकशे बारावं पान. अभ्र्यातलं सगळ्यात वरचं कार्ड.

बोलावं तर चार आवृत्त्या, शिष्याचा प्रबंध, सगळं धुळीला मिळणार. न बोलावं तर हे लेकरू जन्मभर आपली थाप अंगावर वागवणार. देव आतलं सगळं बघतो खरा, पण आपल्या तोंडाने तो बोलत नाही. बाई उठल्या. भिंतीला धरून आत गेल्या, उशी घेऊन आल्या आणि वरचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हा शब्द तुझ्या आजीचा नाही. मी केलेला आहे."

नर्सने कार्ड उचललं. पोर टेपच्या बटणांशी खेळत होती.

"असे किती?"

"चाळीस."

"माझी आई गेली तेव्हा तो कोश तिच्या छातीवर होता. बाई, तुम्ही हे कधी सांगणार होतात?"

"सांगणारच नव्हते," बाई म्हणाल्या.

नर्सने कोश उघडला आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. "वाचा. एकेक."

बाई वाचत गेल्या, नर्स खुणा करत गेली. चाळीस चांदण्या पुन्हा उगवल्या.

"आता हे छापायचं," नर्स म्हणाली.

"छापते. आधी शिष्याला पत्र लिहिते." बाईंनी कागद पुढे ओढला. भीती गेली नव्हती, तिला बरोबर घेऊनच लिहीत होत्या. "आणि हिचं नाव?"

"मोठी झाली की सगळं सांगेन. ठेवायचं की बदलायचं, ते तिचं ती ठरवील."

मग त्यांनी टेप लावली. म्हातारी कोणावर तरी खेकसली, मग खळखळून हसली. नातीला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण डोळे भरून आले. पोर मात्र त्या हसण्याबरोबर हसू लागली.

कोशात त्या म्हातारीचं नाव कुठेच नाही. 'माहिती देणारी स्त्री, वय सत्तर', एवढंच आहे. देवाचं नाव घ्याल तेव्हा तिचीही आठवण काढा बरं.