वरचं बटण

...बटण लावलेलं होतं. वरचं, गळ्याशी खेटून असलेलं, पांढरं, चार भोकांचं. आणि ते तिनं लावलेलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना गिळताना ठसका लागतो, म्हणून सदऱ्याचं वरचं बटण उघडं ठेवायचं हे तिनंच ठरवलं होतं. आज सकाळीही अंग पुसून झाल्यावर ती खालून बटणं लावत वर आली आणि शेवटच्यापाशी थांबली — थांबले ना मी? थांबले. हात आता आपोआप थांबतो. मग ती चहा करायला आत गेली, आणि कप घेऊन बाहेर येते तर हे.

घरात दुसरं कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

बाबा खुर्चीत नेहमीसारखेच बसले होते. डावा हात खुर्चीच्या हातावर, उजवा मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. तिनं चहाचा एक घोट पाजला.

"साखर घातलीस का?"

"घातली."

"मग चमचाच फिरवायला विसरली असशील," ते म्हणाले.

चेहऱ्यावर काही नाही. पण ज्या माणसानं उभा जन्म लोकांची मापं घेण्यात घालवला, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला 'कापड जरा आटलंय' असं गंभीरपणे सांगून पाठवलं, त्या शिंप्याच्या चेहऱ्यावर काही दिसणार तरी कसं? तिनं कप पुन्हा त्यांच्या ओठांशी धरला, तोंड पुसलं आणि जाता जाता, जणू सहज, ते बटण काढून टाकलं.

स्वयंपाकघरात येऊन तिनं स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण एकट्या डाव्या हातानं लावून पाहिलं. घरकामाला ती भावाचा जुना शर्ट घालायची. बटण काजाच्या कडेपर्यंत जायचं आणि निसटायचं. पुन्हा केलं. पुन्हा निसटलं. दुसरा हात लागतोच... म्हणजे उजवा. ज्याला चमचा धरता येत नाही, तो.

आणि मग एकेक आठवायला लागलं. चष्म्याचं घर, जे तिनं उघडं टाकलं होतं आणि नंतर बंद सापडलं. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल, काठाला काठ लावून, दुकानातल्या कापडासारखा घडी घातलेला. तेव्हा ती स्वतःशी म्हणाली होती, मीच घातली असेल, दमल्यावर कुठं लक्षात राहतं. आणि मी यांना घास भरवते! घास गिळेपर्यंत चमचा हवेत धरून बसते, पाठीला कळ लागली तरी बसते...

काल, ती कामाला होती त्या प्रयोगशाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला होता. "तुझं टेबल आता आणखी किती दिवस रिकामं ठेवू? उद्या काय ते सांग." आणि ती इथेच, पुढच्या खोलीत, चांगली मोठ्यानं म्हणाली होती, "उद्या व्यायामाचे सर तपासायला येणार आहेत. हातात पकड आली असं ते म्हणाले, की बाबा दिवसा एकटे राहू शकतील. मग मी लगेच येते." बाबा डोळे मिटून बसले होते. मिटलेले डोळे म्हणजे झोप, असं आपण किती सहज धरून चालतो.

म्हणजे ऐकलं. म्हणजे पकड आलीय, आणि ती लपवायची आहे. मग बटण लावून स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घ्यावा?

भांड्यांच्या कपाटाच्या काचेत पुढची खोली दिसते. ती तिथे श्वास रोखून उभी राहिली, स्वतःच्या बापावर पाळत ठेवून. बाबा दाराकडे बघत होते. मग डावा हात गळ्याशी गेला, उघड्या कॉलरवरून नुसता फिरला आणि खाली आला. तेव्हा तिला उमगलं. दुकानात, उन्हाळ्यात, पंखा बंद पडलेला असतानासुद्धा त्यांनी परक्या माणसासमोर कधी गळा उघडा ठेवला नव्हता. शिंपीच गबाळा दिसला तर त्याच्या हातच्या कपड्याचं काय, म्हणायचे. आज परका माणूस येणार होता. बाकी सगळं सांभाळलं, आणि सवयीनं घात केला.

तिला जिंकल्यासारखं वाटलं. आणि रागानं रडू येईलसं वाटलं.

व्यायामाचे सर आले, हसतमुख, घाईत. त्यांनी दोन बोटं बाबांच्या उजव्या तळहातात ठेवली.

"दाबा आजोबा. मी ओरडलो पाहिजे."

"तू तसाही ओरडतच असतोस," बाबा म्हणाले. "दाबतोय की."

कपाळावर घाम आला होता. खरा घाम. बोटं निपचित. ती मनगटाकडे टक लावून बघत राहिली, जशी काचपट्टीवरच्या थेंबाकडे सूक्ष्मदर्शकातून बघायची... कातडीखाली एक शीर ताठ झाली का? की मला ती व्हायला हवी होती? तिनं मान वर केली तर बाबा तिच्याकडेच बघत होते. त्या नजरेत लबाडी नव्हती. भीती होती, उघडी, लहान मुलाच्या असते तशी.

"घरी काही फरक?" सरांनी तिला विचारलं. "पेला उचलणं, बटण लावणं, काहीही?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

इतक्या पटकन, की जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. कधी ठरवलं? टॉवेलची घडी पाहूनही सरांना कळवलं नाही, तेव्हा? की काल, फोन ठेवल्यावर, जेव्हा आनंद व्हायला हवा होता आणि झाला नाही — तिथली नवी यंत्रं, नव्या मुली, आणि माझ्यावाचून कुणाचंच काही न अडणं... मग तिनं ती पकडीची अट घातली ती कुणासाठी?

सर पुढच्या महिन्यात येतो म्हणून गेले. तिनं दाराला कडी लावली.

"त्या बाईंना फोन करायचाय ना तुला?" बाबांनी विचारलं. ते बाहेर बघत होते.

"करते."

"सावकाश कर. घाई काय आहे."

रिकामा कप उचलून ती आत आली. काचेत पुढची खोली दिसत होती, खुर्ची, सदरा, उघडा गळा. तिनं कपाटाचं दार उघडून काच भिंतीकडे फिरवली, आणि नळ पूर्ण सोडला, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. कुणी कपडे बदलत असताना बाहेर थांबावं तशी ती थांबली. किती थांबायचं ते मात्र कळेना, म्हणून धुतलेलाच कप तिनं पुन्हा धुवायला घेतला.