कुंपण आत ओढलं तेव्हा

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर धाकट्याने लॅपटॉप उघडला. बेसबॉलच्या त्या संगणकी लीगमध्ये त्याचा संघ तळाला होता. आजचा शेवटचा सामना हरला, की लीगबाहेर. आणि समोर अव्वल नंबरवर असलेली सख्खी वहिनी.

खऱ्या खेळाडूंची ताकद त्यांच्या गेल्या हंगामातल्या एकेका फटक्यावरून संगणक ठरवायचा. ज्याचं त्याने मैदान आखायचं, संघ निवडायचा. पुढे सामना संगणकच खेळवणार.

धाकट्याचं मैदान ऐसपैस होतं. होमरनचे, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडल्याचे, ढीग बघून त्याने घेतलेला फलंदाज, लाडकं नाव ‘तोफ’, हंगामभर कुंपणाजवळ झेल देऊन परतत होता. आजचा सामना त्याच्याच मैदानावर होता आणि सामन्याआधी एकदा कुंपण हलवायची मुभा होती. धाकट्याने ते चांगलंच आत ओढलं.

“वहिनी, आता होमरन मोजता मोजता दमाल!”

“कुंपण काय फक्त तुमच्याच पोरांसाठी आत आलं का, भाऊजी?”

“घाबरवू नकोस गं त्याला,” दादा स्वयंपाकघरातून ओरडला, “आधीच अर्धमेला झालाय.”

तोफेने एक चेंडू बाहेर धाडला, तसा धाकटा खुर्चीवरून उठलाच. मग वहिनीचे फलंदाज आले. कुणीही न घेतलेली, बेताच्या आकड्यांची पोरं. त्यांनी एकामागून एक चेंडू कुंपणापार भिरकावले. धाकटा मटकन खाली बसला.

“ही रडकी पोरं एवढं कधी शिकली?”

“शिकली नाहीत. गेल्या हंगामात ती मोठ्या मैदानांवर खेळली. फटके तेव्हाही एवढेच लांब जायचे, पण कुंपणाच्या अलीकडे झेल व्हायचे. तुमच्या तोफेचं तेव्हाचं मैदान मात्र चिमुकलं होतं. त्याचे निम्मे होमरन कुंपणानेच मारलेत.”

धाकट्याने तोफेचे आकडे पुन्हा उघडले. कामावर प्रयोगशाळेत पावडर तोलताना भांड्याचं वजन वजा करायला तो कधी विसरला नव्हता. इथे मात्र त्याने फलंदाजाला मैदानासकट तोललं होतं. आणि वहिनीने हंगामभर, कसला गाजावाजा न करता, प्रत्येकाचं मैदान वजा करून माणूस तेवढा उचलला होता. काय नजर म्हणायची ही!

सामना संपला. संघ गेला. तो रुसेल म्हणून दादा पाण्याचा ग्लास घेऊन आला, तर धाकटा खुर्ची सरकवून वहिनीच्या बाजूला जाऊन बसलेला.

“पुढच्या निवडीला मला शेजारी बसू द्याल?”

“बसा. पण मध्ये मध्ये बोलायचं नाही.” तिने एका फलंदाजाकडे बोट केलं. “हा घ्यावा का?”

धाकट्याचे डोळे सवयीने होमरनच्या रकान्याकडे वळले. त्याने ते मागे घेतले.

“थांबा. खेळत कुठे होता हा?”

वहिनी हसली आणि तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.