गाजलेली चापट

मित्रांनो, तुमच्यासमोर उभा असलेला हा जाडजूड लोखंडी गडी म्हणजे मी. पत्रा दाबायचं एक जुनं यंत्र. कामगार मला पहिलवान म्हणायचे, म्हणून मीही स्वतःला पुरुषच समजत आलो. आता माझं अंग हलत नाही आणि हिरव्या रंगाचे पोपडे गळून पडतात. पण माझ्यासमोर जे घडलं ते मला सांगायचं आहे. ते ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून, थंड करून, घासून-पुसून मला उभं केलं. माझ्या छातीत एक जड ठोकळा बसवला. पायाखालचं पॅडल दाबलं की ठोकळा धाडकन खाली येई आणि पत्र्याचं गोल, चकचकीत झाकण होई. घडवणाऱ्यांनी माझ्या तोंडासमोर एक लोखंडी जाळीही लावली होती. ती बंद झाल्याशिवाय ठोकळा खाली येतच नसे. माणसाचा हात आत असेपर्यंत मी मुकाट उभा राहायचो.

मी कारखान्यात आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! मालक पाठीवर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "हा एकटा सगळ्या खात्याचं काम ओढतो." पण लवकरच त्यांना माझी जाळी खुपू लागली.

"झाकणं करायची की दारं उघडत बसायचं?" ते सुपरवायझरवर खेकसले. "काढून टाक ती."

सुपरवायझरने पाना आणला आणि जाळी काढली. त्या दिवसापासून माझं तोंड उघडंच राहिलं.

पहिला बळी गेला तो एका शिंकेमुळे. माझ्यावर एक हसरा, बडबड्या कामगार बसायचा. पत्रा सारखा करत असताना त्याला जोरात शिंक आली, पाय पॅडलवर पडला आणि त्याची दोन बोटं तुटून पलीकडे उडाली. तो ओरडलासुद्धा नाही. आपल्या हाताकडे नुसता बघत राहिला. त्याला दवाखान्यात नेलं, सुपरवायझरने मला रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि दुसरा माणूस माझ्यासमोर बसवला. रक्त वाळायच्या आत झाकणं पुन्हा पडू लागली.

तो बडबड्या कामगार परत आला तेव्हा मालकांनी उपकार केल्यासारखं त्याला फाटकावर वॉचमन म्हणून उभं केलं. उरलेल्या आठ बोटांवरून कामगार त्याला आठ्या म्हणू लागले. तोही हसून घ्यायचा. "माझ्याशी हात मिळवायला लोकांना वेळ कमी लागतो," म्हणायचा.

आठ्यानंतरही अपघात होत राहिले. कुणाचं पेर गेलं, कुणाचा अंगठा गेला. माझ्यावर आणि माझ्या शेजारच्या भावंडांवर रक्त उडायचं आणि पुसलं जायचं. फाटकाबाहेर त्यातलं काहीही जात नसे. कुठल्या वर्तमानपत्रात एक ओळ नाही, की कुणी येऊन विचारलं नाही. बोटं जायचीच, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

पुढे दोन जावा कामाला आल्या; माझ्यावर धाकटी काम करू लागली. शेजारच्या यंत्रावर तिची थोरली जाऊ होती. दोघी एकाच घरातल्या. दिवसभर यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून भांडायच्या आणि एकाच डब्यातून जेवायच्या. धाकटीचा हात मोठा चपळ होता. तिच्याकडून वेणी घालून घ्यायला जेवणाच्या सुट्टीत बायका रांग लावत.

माझ्या आतली एक स्प्रिंग झिजली होती. त्यामुळे पॅडल एकदा दाबलं तरी ठोकळा कधीकधी दोनदा पडे. थोरलीने सुपरवायझरला ते दोन-चारदा सांगितलं होतं. "बघतो," एवढंच तो म्हणायचा.

एका सकाळी धाकटी झाकण काढायला हात आत घालते आहे, तोच ठोकळा दुसऱ्यांदा पडला. तिचा उजवा पंजा साच्यात चिरडला गेला. हाडं मोडल्याचा आवाज मला माझ्या लोखंडात जाणवला. तिची किंकाळी सगळ्या यंत्रांच्या वर गेली. हात अडकलेला, सुटेना. थोरली धावत आली, तिने माझं मोठं चाक दोन्ही हातांनी धरून उलटं फिरवलं आणि ठोकळा इंचाइंचाने वर घेतला. धाकटी तिच्या अंगावर कोसळली. दोघींच्या साड्या रक्ताने चिंब झाल्या.

सुपरवायझर पळत आला. त्याचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही.

"आधी साचा तडकलाय का बघा!"

धाकटीची चार बोटं कापावी लागली. मालक म्हणाले, "लक्ष नसणार तिचं. गप्पा हाणत असेल."

पुढच्या आठवड्यात थोरली फाटकात मालकांच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली. माझ्यासमोरच्या खिडकीतून फाटक सरळ दिसायचं.

"मालक, जाळ्या परत लावा. त्याशिवाय आम्ही कुणी कामावर बसणार नाही."

"बाजूला हो."

"नाही होत. माझ्या जावेचा हात गेलाय."

मालक गाडीतून उतरले आणि त्यांनी सणकन तिच्या मुस्काटात मारली. त्यांच्या बोटातल्या अंगठीने तिचा ओठ फाटला. ती फाटकाच्या गजावर आदळून खाली पडली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी ते सगळं मोबाइलमध्ये टिपलं.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी अख्ख्या शहरात ती चापट गाजत होती. घरोघरी लोक ती पुन्हा पुन्हा बघत होते. दुपारी फाटकासमोर जमाव जमला. त्यांच्या हातांत दगड होते, गज होते. मालक मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते. जमावाला समोर सापडला तो खाकी कपड्यातला आठ्या.

"मालकाचा कुत्रा! धरा त्याला!"

त्यांनी त्याला फाटकावरून खेचलं. पाठीत, पोटात लाथा घातल्या. एकाने गज उचलून तोंडावर हाणला. थोरली गर्दीत घुसली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली.

"अरे, ह्याला का मारताय? ह्याचीच बोटं गेलीत आत!"

तिचं कोण ऐकणार? तिच्याच अपमानाचा सूड घ्यायला आलेल्या माणसांच्या लाथा तिच्याच बरगड्यांत बसत होत्या. मग कुणीतरी ऑफिसला आग लावली आणि जमाव तिकडे वळला. आठ्या जगला, पण त्याचा डावा डोळा गेला.

नंतर कॅमेरे आले. थोरलीच्या घरात बसायला जागा उरली नाही. कामगारांकडून मी ते नंतर ऐकलं. एकाने विचारलं, "कुठल्या गालावर मारली?" दुसरा म्हणाला, "जरा रडलात तर बरं होईल." तिकडे मालकांनी पडद्यावर येऊन हात जोडले. "ती मला बहिणीसारखी आहे," म्हणाले. पोरं त्या चापटीची नक्कल करून हसू लागली. जाळीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

कॅमेरेवाले गेल्यावर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "ताई, माझा हात गेला तेव्हा कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. तुमच्या गालासाठी मात्र सगळं शहर उलटलं."

धाकटीचं खरंच होतं. थोरली म्हणाली, "कॅमेरेवाले आलेत ना? उद्या दुसरं काही मिळालं की जातील. त्याआधी त्यांना आत नेऊ. चल, ऊठ."

दुसऱ्या दिवशी दोघी जावा कॅमेरेवाल्यांना घेऊन माझ्यासमोर आल्या. हवेत जळक्या कागदांचा वास होता. सुपरवायझर कोपऱ्यात उभा होता.

"वीज चालू करा," थोरली त्याला म्हणाली.

"मालक माझी चामडी सोलतील."

धाकटीने पट्ट्या बांधलेला हात त्याच्यासमोर धरला. "साचा तडकला होता का हो, साहेब?"

त्याने मान खाली घातली आणि जाऊन बटण दाबलं. माझं चाक फिरू लागलं. थोरलीने एका हातमोज्यात ओल्या चिंध्या दाबून भरल्या आणि तो माझ्या तोंडात ठेवला. पॅडलवर पाय ठेवला धाकटीने.

धाड! हातमोज्याची बोटं चपटी होऊन फाटली. आतल्या चिंध्यांचं पाणी कॅमेऱ्याच्या काचेवर उडालं. आणि धाकटीने पॅडलवरून पाय काढून घेतल्यावरही ठोकळा पुन्हा पडला. धाड! कॅमेरेवाली पोरगी किंचाळून मागे सरली. त्यानंतर गालाबद्दल कुणी विचारलं नाही.

चापट जितक्या लोकांनी पाहिली, त्यांच्यातल्या शंभरांत एकानेही तो हातमोजा पाहिला नसेल. तरी तेवढ्याने तपासनीस आले. आमच्या भागातल्या सगळ्या कारखान्यांत यंत्रांना जाळ्या बसल्या. मालकांवर खटला उभा राहिला. मग एका नटाच्या घटस्फोटाची भानगड निघाली आणि कॅमेरे तिकडे धावले. खटला अजून चालूच आहे. पलीकडच्या गल्ल्यांत जाळ्या पुन्हा निघाल्या आहेत, असं मी ऐकतो. आठ्याच्या डोळ्याबद्दल तर कुणाला शिक्षाच झाली नाही. शेकडो हातांत नेमका कुणाचा हात धरणार?

पुरावा म्हणून मला जप्त केलं होतं. पुढे या प्रशिक्षण शाळेत आणून उभं केलं. म्हणूनच तुमची माझी भेट झाली.

दरवर्षी नवी तुकडी आली की धाकटी इथे येते. परवाही आली होती. तिने मुलांना विचारलं, "माझ्या जावेला बसलेली चापट कुणाकुणाला ठाऊक आहे?"

सगळ्यांचे हात वर गेले. काही जण हसलेही.

"आणि माझा हात कसा गेला, ते कुणाला ठाऊक आहे?"

सगळे हात खाली आले. धाकटीने आपला पंजा वर धरला आणि सगळ्यांचं हसणं थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "या, जवळ या. या पहिलवानाच्या तोंडात वाकून बघा."

मित्रांनो, आरडाओरडा झाला की तुम्ही धावत याल, याची मला खात्री आहे. जरूर या. पण फाटकाशी दगड मारत थांबू नका, आत या. आणि बाहेर सगळं शांत असेल, तेव्हाही एकदा आत येऊन यंत्राला जाळी आहे की नाही तेवढं बघून जा. कारण बोटं तुटतात तेव्हा बाहेर रस्त्यावर काहीच ऐकू येत नाही.