चहावरचा बाप

खजूर इलेव्हनच्या पाठीराख्यांचा एक नियम होता. ज्याच्या घरची मुलगी चर्चेत असेल त्यानं मतदानाला बसायचं नाही, पॅन्ट्रीत जाऊन सगळ्यांसाठी कडक, दुधाळ करक चहा करायचा. नियम सदानंदनंच केलेला. हेमचंद्रनं एकदा आपल्या भाचीची तासभर वकिली केली, तेव्हा वैतागून केलेला. आणि तेव्हापासून दर वर्षी त्यात अडकत होता तो स्वतःच, कारण त्याची आभा म्हणजे मुलींच्या हॉकी लीगमधली सगळ्यांत चपळ फॉरवर्ड.

लीग आखातातली, हौशी. दर वर्षी सगळ्या मुली पुन्हा एकत्र आणि संघांनी आळीपाळीनं एकेक उचलायची. बाकीच्या संघांत कोच ठरवतो. खजूरमध्ये पाठीराखे हात वर करतात, आणि त्याआधी मनसोक्त भांडतात. यंदा ऊद मेथाच्या हॉलमध्ये पहिली निवड खजूरच्या वाट्याला आली होती. आभाचा हा शेवटचा मोसम, पुढच्या वर्षी ती पुण्याला शिकायला जाणार.

सदानंद दुधाचा डबा फोडत होता, पण लक्ष सगळं दारापलीकडे. मोसमाआधीच्या अल ऐनच्या सराव सामन्यात आभाचा गुडघा मुरगळला होता. हे घरात फक्त त्याला माहीत होतं, कारण चोरून बर्फ लावताना त्यानंच तिला पकडलं होतं. सकाळी गाडीत तिनं वचन घेतलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"नो डॉक्टर, बाबा. नॉट टिल द सीझन इज ओव्हर. प्रॉमिस मी."

आणि हा शहाणा 'हो' म्हणाला होता! खडकीच्या मैदानावर स्वतः खेळलेला गडी. मुलीचं नाव माइकवरून सगळ्यांत आधी पुकारलेलं ऐकायचा मोह त्याला सुटला नाही. तिच्या गुडघ्यापेक्षा तो मोह मोठा झाला, हे स्पष्टच म्हटलेलं बरं.

"सुमैय्याला घ्या," पलीकडे मुग्धाचा आवाज चढला. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज दाराला जुमानत नसे. "समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोल, आपलं धाबं दणाणलेलं. डिफेन्स आहे कुठे आपल्याकडे?"

"मॅडम, आभा दुसऱ्या टीमला गेली तर आपल्याला कच्चं खाईल," हेमचंद्र म्हणाला. "डोळे झाकून आभा. डिस्कशन खलास!"

"मग सरावाच्या शेवटच्या दोन मॅच ती अर्ध्यातून बाहेर का बसली?"

"उन्हामुळे! दुसरं काय?"

हात वर झाले. समसमान. पुन्हा गलका, आणि माइकवरून आयोजक ओरडला, "यल्ला, खजूर, चला लवकर! दोन मिनिटं!"

पॅन्ट्रीचं दार उघडून मुग्धा आत आली.

"सदाभाऊ, दर वर्षी तुम्ही इथून बोंबलत असता. नियम तुमचा आणि मोडताही तुम्हीच. आज इतके गप्प का?"

"मी चहावर आहे," सदानंद पातेल्याकडे बघत म्हणाला. "मला विचारायचं नाही."

"मत मागत नाहीये मी. आभा बरी आहे ना, एवढंच सांगा."

'ठणठणीत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. उघड्या दारातून त्याला आभा दिसली. मैत्रिणींशी हसत होती. तिच्या हातून पाण्याची बाटली पडली. ती वाकली, पण उजवा पाय तसाच लांब ताठ ठेवून, एका हातानं खुर्ची घट्ट धरून. उठताना तिचं हसू पार गेलं, क्षणभरच, आणि पुन्हा आलं. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं तरी सदानंदचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तिचं नावच काढा," तो म्हणाला. "खजूरमधून नाही, लीगमधूनच. गुडघा गेलाय पोरीचा. मला ठाऊक होतं."

मुग्धा सरळ आयोजकाकडे गेली.

पहिलं नाव पुकारलं गेलं सुमैय्याचं. पाठोपाठ, दुखापतीमुळे आभा या मोसमात खेळणार नाही, असंही माइकवरून सांगितलं. आभानं पॅन्ट्रीच्या दारात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं.

"यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये ती त्याच्या शेजारी बसली नाही. मागचं दार उघडून आत गेली आणि धाडकन लावून घेतलं. सदानंदनं गाडी काढली. माफी मागावी तरी कशाची, वचन मोडल्याची की दिल्याची, हेच त्याला कळेना.

सिग्नलला त्यानं आरशात पाहिलं. आभानं पाय सीटवर लांब सोडला होता आणि गुडघ्याचा पट्टा सोडवत होती. गुडघा चांगलाच सुजला होता. ती रडत होती.

"बाबा," ती म्हणाली, "खूप दुखतंय."

सिग्नल सुटल्यावर सदानंदनं गाडी घराकडे न नेता हॉस्पिटलच्या रस्त्याला घेतली.