यादीतलं तिसरं नाव

शाळा सुटली तसे मास्तर तडक शिंप्याच्या दुकानात शिरले. शिंप्याची मुलगी त्यांची जुनी विद्यार्थिनी. लग्नाला दीड वर्ष होत नाही तोच नवरा गेला आणि ती माहेरी परतली. तिला नर्स व्हायचं होतं. अर्ज मास्तरांनीच आणून दिला होता. शिंप्याने तो सही न करता बाजूला ठेवला होता.

मशीनवर शर्टाची कॉलर होती. शिंप्याने पाय थांबवला नाही.

"तिला काय कमी आहे इथे, मास्तर? दोन वेळा जेवतेय, भावाची पोरं सांभाळतेय. वहिनीच्याही हाताला मदत होते."

"मदत कसली? हक्काची मोलकरीण मिळाली म्हणा की!" मास्तर कडाडले. "वीस वर्षांची पोर आहे. जन्मभर काय दुसऱ्यांची दुपटीच धुवायची तिने?"

आतल्या दाराशी मुलगी काज करत बसली होती. तिची सुई थांबली.

मास्तर असे भांडायला लागले की भले भले बाप नमत. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलींना घरकामातून सोडवून पुढे शिकायला धाडलं होतं. कुणी डॉक्टर झाली, कुणी न्यायाधीश.

शिंप्याने मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर ढकलला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"एक विचारू? तुमच्या बेबीताई पण अशाच आल्या ना माहेरी? हुशार होत्या म्हणतात. मग त्या का स्वयंपाकघरातच राहिल्या?"

"तेव्हाचे दिवस वेगळे होते," मास्तर कसेबसे म्हणाले आणि बाहेर पडले.

दिवस वेगळे नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण बेबी बाविसाव्या वर्षी विधवा होऊन त्यांच्याकडे आली. तिने अध्यापक विद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली. यादी पाहायला मास्तर गेले. तिसरंच नाव तिचं होतं. परत येताना त्यांच्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलं. आई अंथरुणाला खिळलेली, बायकोचे दिवस भरत आलेले, स्वतःची नोकरी नवी. बेबी दोन वर्षं वसतिगृहात गेली तर हे सगळं कोण बघणार? ती दारातच वाट पाहत होती.

"नाव नाही गं लागलं," ते म्हणाले.

"राहू दे दादा, माझं डोकंच नाही तेवढं," म्हणत ती कणीक मळायला आत गेली.

पुढच्या वर्षी खरं सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा रांगायला लागला. मग ते परक्या लेकींसाठी भांडत सुटले. लोकांना ती तळमळ वाटली.

घरी बेबी मटार सोलत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि शिंप्याच्या दुकानात काय झालं, त्याने काय विचारलं, ते त्यांनी सांगितलं.

"बेबी, तुझं नाव होतं यादीत."

"कसल्या यादीत?"

"अध्यापक विद्यालयाच्या. मी खोटं बोललो तुझ्याशी."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने विचारलं, "कितवं?"

"तिसरं."

"मी एकतीस वर्षं स्वतःला मठ्ठ समजत होते रे दादा. तुझ्या मुलांचा अभ्यास घेताना गणित बरोबर आलं तरी वाटायचं, आपलं चुकलंच असणार."

"मला माफ..."

"नको. तुला बरं वाटावं म्हणून मी आज काही बोलणार नाही."

आतून मास्तरांच्या बायकोची हाक आली, "बेबी, कुकर लावलास का गं?"

"आज तुम्ही लावा, वहिनी."

दुसऱ्या दिवशी बेबी शिंप्याच्या दुकानाकडे निघाली. मास्तर दहा पावलं मागून चालत होते. बरोबर चालायचं धाडस त्यांना झालं नाही.

"भाऊ, काल तुम्ही बरोबर विचारलंत," ती शिंप्याला म्हणाली. "त्याचं उत्तर द्यायला आलेय. माझा नंबर लागला होता. याने मला सांगितलंच नाही, कारण घरात कामाला हात हवे होते. माझा भाऊ वाईट माणूस नाही. तुम्हीही नाही. म्हणून तर जास्त भीती वाटते."

शिंपी मान खाली घालून गळ्यातली टेप गुंडाळत राहिला.

"पोरांना कोण बघेल मग?" तो पुटपुटला.

"ज्यांची आहेत ते."

मुलगी उठली. तिने अर्ज आणून मशीनवर, बापाच्या हाताशी ठेवला. शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. ती माहेरी परतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मग पेन शोधून त्याने सही केली.

नेहमीच्या सवयीने मास्तरांनी अर्ज घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," बेबी म्हणाली. "ती स्वतः नेऊन देईल."

मास्तरांनी हात मागे घेतला. बेबीने त्यांना माफ केलं की नाही, हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्यांना कळलं होतं. वाचकहो, आपल्याही घरात कुणी 'हाताला मदत' म्हणून राहत असेल. तिला काय व्हायचं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?