आईच्या मापाचा कोट

माझे बाबा मर्दानी कोट शिवायचे आणि माझी आई ट्राम चालवायची. थंडीत सकाळच्या पाळीला ती खुशाल बाबांचाच कोट अंगावर टाकून निघून जायची. बाबा नुसत्या शर्टावर दारात उभे राहून ओरडायचे, "अगं, मी काय रजई पांघरून दुकानात जाऊ?"

पुढे दोघंही निवृत्त झाली आणि आईला मोठं दुखणं आलं. त्यातून ती उठली, पण पार वाळून गेली. सगळे कपडे अंगावर लोंबायला लागले, तसं तिनं बाहेर पडणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. "बुजगावणं बघायला येतात मेले," म्हणायची.

एका सकाळी बाबांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा काढला. आत जाड लोकरी कापड होतं. रंग ओल्या पाटीसारखा, आणि जवळून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी बारीक वीण. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकाही गिऱ्हाइकाला दाखवलं नव्हतं.

"आता हे कापतो," एवढंच म्हणाले आणि कात्रीला धार लावायला बसले.

आईसाठीचा हा कोट त्यांना जुन्या घाटाचाच हवा होता. छातीवर उलटून बसणारी रुंद लॅपल, समोर बटणांच्या दोन रांगा, पाठीला अर्धा पट्टा, लांबी गुडघ्याच्या खाली. त्यांना सुईचं नेढं दिसेना, म्हणून मी संध्याकाळी जाऊन सुया ओवून ठेवायचे. हात मात्र पूर्वीसारखेच चालत होते. लॅपल बोटावर वळवून धरत ते आतल्या कॅनव्हासच्या ताठ कापडाला बारीक बारीक टाके घालायचे. त्यामुळे ती पुढे आपसूक वळते, इस्त्रीनं दामटावी लागत नाही. उलटून पाहिलं तरी एक टाका दिसेल तर शपथ! मी शिंप्याची मुलगी, तरी तोंडात बोट घालून बघत बसायचे.

कोट उभा राहिला. बाबांनी आईला आरशासमोर आणलं आणि मोठ्या हौसेनं तो तिच्या अंगावर चढवला. खांदे घसरून दंडावर आले. बाह्यांत बोटं बुडाली. आईनं क्षणभर आरशात पाहिलं, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

"बाबा, माप घेतलं नव्हतं?"

"तिचं माप कशाला घ्यायचं? पाठ आहे मला," बाबा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांची नजर खुर्चीवरच्या कोटाकडे गेली. त्यांना पाठ होतं ते ट्राम चालवणाऱ्या बाईचं माप.

गळ्यात टेप अडकवून ते आत गेले. मी बाहेरच थांबले.

"चुकलं माझं. ऊठ, माप घेऊ दे."

"हाडांचं माप घेणार?"

"जे आहे त्याचं घेणार. कोट तुला शिवायचाय, तुझ्या जुन्या फोटोला नाही."

आत पलंग करकरला. मग आईचा आवाज आला, "अहो, माप घेताय की मिठी मारताय?"

"टेप मागून फिरवावी लागते."

"गिऱ्हाइकांची पण अशीच घ्यायचात वाटतं!"

बाबांनी सगळा कोट उसवला. खांदे नव्यानं कापले, अंग आत घेतलं, काजं पुन्हा हातानं केली. या वेळी आई समोर खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. "बाही जरा आखूड. मला मनगटावरचं घड्याळ दिसलं पाहिजे."

दुसऱ्यांदा घातला तेव्हा कॉलर मानेला अशी बसली, जणू तिथंच वाढली होती. पाठीवर एक सुरकुती नाही. आई एका बाजूला वळली, मग दुसऱ्या बाजूला, आणि हळूहळू तिचा कणा ताठ झाला.

"वाऱ्याला शिरायला जागाच ठेवली नाही हो तुम्ही," ती म्हणाली. आणि मग, "डेपोत जाऊ या."

डेपोत तिच्या जुन्या सोबत्यांनी हातातले चहाचे कप बाजूला ठेवले. कुणी लॅपल चाचपली, कुणी अस्तर उलटून पाहिलं. एक जाडजूड ड्रायव्हर म्हणाला, "बाई, एकदम साहेब दिसताय! कुठं शिवलात? आम्हालाही पत्ता द्या की."

बाबा लांब उभे राहून ट्रामचं वेळापत्रक वाचत होते. कान लालबुंद झाले होते.

"ते बघा, ते वेळापत्रक वाचणारे गृहस्थ," आई म्हणाली. "पण ते आता फक्त माझंच काम करतात."

मग ती निघायच्या बेतात असलेल्या ट्रामच्या पायरीवर चढली आणि तिथून हाक मारली, "अहो, चला लवकर! पुढची सीट रिकामी आहे."