भिकनने न चाखलेली बाटली

"कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आमचा भिकन बाटली कानाला लावून वाइनचा अख्खा प्रवास सांगायचा," मी म्हणालो. "कुठल्या बंदरात किती दिवस उन्हात उभी होती, तेसुद्धा!"

"नानाकाका, आज तरी फेकू नका," भिकनचा जावई प्रफुल्ल म्हणाला. पण हसला. मला तेवढंच हवं होतं.

भिकनच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तो गेल्यानंतरच्या विधीचा, दिवस होता. भंतेजी नुकतेच गेले होते. खिरीच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "सव्वीस वर्षं दारूच्या दुकानात काढली, ह्याचं पाचवं शील कसलं शाबूत?" मद्य घेणार नाही, हे ते पाचवं शील. भिकनच्या लेकीनं, पायलनं, ते ऐकलं आणि हातातली वाटी तशीच खाली ठेवली. तिची आई सुलाबाई फोटोजवळ बसली होती. तिनंही ऐकलं असावं.

मी त्याच काउंटरवर भिकनच्या शेजारी उभा राहिलेला माणूस. माझं नरडं कायम ओलं, त्याचं कायम कोरडं. मला गप्प बसवेना. मेलेल्या माणसाची अब्रू एका गोष्टीनं सावरणार असेल, तर माझ्याकडे गोष्टींचा काय तोटा?

"पायल, ऐक. तुझ्या बापानं वाइन जिभेला लावली नाही, तरी गंगापूर रोडचे डॉक्टर त्याला विचारल्याशिवाय बाटली उचलायचे नाहीत. तो बाटली उजेडात धरायचा, मानेवरून अंगठा फिरवायचा. बूच वर सरकलंय का, चिकट ओघळ आलाय का. मग म्हणायचा, घ्या, नाहीतर राहू द्या. बस्स."

इथवर सगळं खरं होतं.

"नऊ वर्षांपूर्वी आमच्या मनोजशेटनं फ्रान्सची वाइन मागवली. दारावर पाटी लावली, थेट आयात, मधे दलाल नाही. चार हजारांची बाटली. मे महिना. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर सटाण्याचे एक रिटायर गुरुजी. पोरीनं फ्रान्सचा नवरा केलेला, व्याही नाशकात येणार. गुरुजींनी जन्मात बाटलीला हात लावलेला नाही. अहिराणीत म्हणतात कसे, पैसानं काई नही भाऊ, मनी पोरनी मान खाले नको जावाले."

पायल किंचित हसली. मी रंगात आलो.

"भिकननं बाटली घेतली, अंगठा फिरवला आणि शेटच्या तोंडावर सांगितलं, गुरुजी, ही घेऊ नका. ही वाटेत उन्हानं शिजलीय. व्याही पहिल्या घोटाला ओळखतील. त्यापेक्षा ही आपल्या नाशिकची न्या, नऊशेची. आपल्या मातीतली दिली म्हणून त्यांना बरंही वाटेल."

"मग?"

"मग काय! शेट तापला. आतल्या गोडाउनमध्ये घेऊन गेला आम्हाला, गुरुजींसकट. म्हणाला, कधी थेंब चाखला नाहीस, आणि माझ्या मालाला नावं ठेवतोस? सिद्ध कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

प्रफुल्ल पुढे सरकला. दोन-चार शेजारीही येऊन उभे राहिले. खिरीच्या रांगेतला तो पुटपुटणाराही मान वळवून ऐकत होता. हीच वेळ होती.

"भिकननं बाटली कानाला लावली. डोळे मिटले. म्हणाला, सतरा दिवस, पत्र्याच्या डब्यात. एवढं म्हणायचा अवकाश, बूच आपोआप उडालं! थेट शेटच्या टकलावर. आणि आतून असा वास सुटला, असा वास, की भिंतीवरची पाल चक्कर येऊन पडली. गुरुजी नाक दाबून बाहेर. चाखायची गरजच पडली नाही कुणाला! शेटनं रागानं भिकनला काढलं, ते काढलंच. पण शील? ते जसंच्या तसं. ऐकीव नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय."

लोक हसले. पायलनं डोळे पुसत वाटी परत उचलली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"खोटं हाय, भावजी."

सुलाबाई फोटोकडेच बघत होती. आवाज चढलेला नव्हता.

"बूच उडालं नाय. बाटली तुम्ही उघडली. शेटनं आधी तुम्हालाच चाखायला लावली. तुम्हाला कळली होती चव. पण तुम्ही शेटकडं पाहिलं आन् म्हणाले, फर्स्टक्लास हाय. गुरुजी पैसे काढाय लागले, तवा ह्यांनी पेला उचलला."

"आई..." पायल म्हणाली.

"तोंडात घेतली, थुंकली, म्हणाले, गुरुजी, मनुका जळाल्यावानी लागतीय, नका नेऊ. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. तुमच्यावर राग नव्हता त्यांचा, भावजी. नानाला तीन पोरी हायेत, म्हणायचे."

मी पेला खाली ठेवला.

"नऊ वर्षं रोज सकाळी आमची वंदना चुकली नाय. चार शीलं दोघांच्या आवाजात व्हायची," सुलाबाई म्हणाली. "पाचवं मी एकटीच म्हणायची."